अवश्य कोणतें आणि ऐच्छिक कोणतें?
वऱ्हाडांतील जिनिंग कारखान्यांच्या यंत्ररचनेविषयीं

मॅट्रिकच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलापुढें पूर्वीं विषयांच्या दोन याद्या असत. पहिल्या यादींतील विषय अवश्य. त्यांपैकीं एकांत जरी गाडी अडली तरी बाकीच्या विषयांतील गुणांचा ढीग व्यर्थ जाई. दुसऱ्या यादींतील विषय ऐच्छिक. त्यांतून काय घ्यावें आणि काय सोडावें यावरून घरोघर वडील मंडळींत वाद रंगत, आणि मुलाचें मत शेवटीं विचारलें जाई. अशाच दोन याद्या आज अमरावती-अकोल्याकडील प्रत्येक नव्या जिनिंग कारखान्याच्या पॅनेलमध्यें लिहिलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहींत. परंतु त्या कोणी लिहिल्या, काय विचार करून लिहिल्या आणि मागाहून त्यांत कोणी खाडाखोड केली, यांवर शेतकऱ्याचा कापूस, मालकाचा पैसा आणि कामावरील बायामाणसांचे हातपाय अवलंबून असतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला कापूस माहीत असतो तो गादींतला, वातींतला किंवा अंगावरच्या वस्त्रांतला. वऱ्हाडांत दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत तो रस्त्यावर दिसतो. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, धामणगांव ह्या गांवांकडे जाणाऱ्या वाटांच्या कडेचीं बाभळीचीं झुडपें पांढऱ्या झुबक्यांनीं भरून जातात, कारण कांठोकांठ भरलेल्या गाड्यांतून कापूस वाऱ्यानें उडतो. ह्या कापसांतून सरकी निराळी करावयाची आणि राहिलेली रुई दाबून तिची गांठ बांधावयाची, एवढेंच खरें पाहतां कारखान्याचें काम. शंभर किलो कापसांतून सुमारें तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. उरलेला बहुतेक भाग सरकीचा. गांठ बांधली जाते ती १७० किलोंची.

रुई आणि सरकी यांची ही फारकत करणारें यंत्र मोठें गमतीचें आहे. चामड्याच्या चकत्या एकापुढें एक बसवून केलेले दोन रोलर शेजारीं शेजारीं फिरत असतात. प्रत्येकाला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते, आणि दोहोंच्या मध्यें दुसरी एक सुरी सारखी खालींवर होत असते. कापसाचा तंतु खरबरीत चामड्याला चिकटून स्थिर सुरीखालून ओढला जातो. सरकीला तेवढ्या फटींतून जातां येत नाहीं. ती अडते, आणि हलती सुरी तिला ठोसे देऊन मोकळी करते. अमेरिकेंतील फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्या मूळ यंत्राला एकच रोलर होता. आज वऱ्हाडांत चालतात तीं दोन रोलरांचीं यंत्रें त्याच घराण्यांतलीं.

जुन्या कारखान्यांत अवश्य आणि ऐच्छिक हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नसे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ च्या दरम्यान वऱ्हाडी कापसाला न भूतो असा भाव आला; १८६७ सालीं रेल्वे अकोला आणि बडनेरा यांवरून नागपुरास पोंचली; आणि पुढें वाफेच्या बळावर चालणारे कारखाने लोहमार्गाच्या आसपास उभे राहिले. अशा कारखान्यांत एक बॉयलर, एक एंजिन, आणि सबंध इमारतीच्या लांबीचा एक लोखंडी शाफ्ट असे. त्या शाफ्टावरून प्रत्येक यंत्राला पट्टा गेलेला असे. एखादें यंत्र बंद ठेवावयाचें झाल्यास त्याचा पट्टा सरकवून शेजारच्या मोकळ्या पुलीवर टाकीत. यंत्र थांबे आणि पट्टा नुसताच फिरत राही. म्हणजे यंत्र हें ऐच्छिक, आणि शाफ्ट, एंजिन व बॉयलर हीं अवश्य. हा भेद कोठें लिहून ठेवावा लागत नसे. तो लोखंडांतच घडविलेला होता. शाफ्ट मोडला तर कारखाना बंद, एवढें पोरासहि कळे.

आतांच्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर असते, आणि यंत्रांची माळ मोठी लांब झाली आहे. अंगणांतील गंजीमधून कापूस हवेच्या झोतानें किंवा पट्ट्यावरून आंत येतो. वाटेंत खडे आणि लोखंडाचे तुकडे अडविणारा सांपळा असतो. पुढें पाला-कचरा झाडणारें सफाई यंत्र, मग चोवीस किंवा छत्तीस रोलर यंत्रांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यावर मोजून कापूस टाकणारा फीडर, खालून रुई वाहून नेणारा पट्टा, सरकी वाहून नेणारा मळसूत्री स्क्रू, रुईची सफाई, रुईला ओलावा देणारें यंत्र आणि अखेर प्रेस. ही माळ सुरू करण्याचा क्रम उलटा आहे. आधीं शेवटचा पट्टा फिरूं लागला पाहिजे, नंतर रोलर यंत्रें, नंतर फीडर, आणि सर्वांत शेवटीं कापूस ओढणारा पंखा. बंद करतांना आधीं पंखा. हा क्रम चुकला तर पुढें जावयास वाट नसलेला कापूस यंत्रांत कोंबला जातो, घर्षणानें तापतो, आणि तापलेल्या कापसानें पुढें काय करावें हें कोणी सांगावयास नको.

एवढें सारें ध्यानांत ठेवणें एका फिटरच्या कानांना आणि डोळ्यांना झेपणारें नाहीं. म्हणून तें काम नियंत्रकाकडे आलें. ह्या नियंत्रकाला कारखान्यांत सर्वजण पीएलसी म्हणतात. त्याचा जन्म कापसाच्या नव्हे, मोटारींच्या कारखान्यांत झाला. जनरल मोटर्स कंपनीच्या गिअर बनविणाऱ्या शाखेंत भिंतीएवढाल्या कपाटांतून शेंकडों रिले खटखटत असत, आणि मोटारीचा नमुना बदलला कीं त्या रिल्यांच्या तारा नव्यानें ओवाव्या लागत. ह्या कटकटीला कंटाळून त्या शाखेनें १९६८ सालीं दुसरा उपाय मागितला. डिक मॉर्ली आणि त्याचे सहकारी यांनीं जें यंत्र पुढें आणलें, त्याचें नांव मोडिकॉन ०८४. तें त्यांचें चौऱ्यायशींवें काम होतें, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ. तारा ओवण्याऐवजीं आतां सूचना लिहावयाच्या होत्या. आणि वीजकाम्यांना परकें वाटूं नये म्हणून त्या सूचना रिल्यांच्या जुन्या आकृतींसारख्याच, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें, मांडण्याची सोय होती. जुन्या कारागिराचें ज्ञान फुकट न घालवितां नवें यंत्र त्याच्या हातीं देणें, हा शहाणपणा सर्वच शोधकांना सुचतो असें नाहीं.

हा नियंत्रक एकसंध पेटी नसतो. एका पट्टीवर सुट्या सुट्या भागांची ओळ बसवितात. त्या भागांना मॉड्यूल म्हणतात. कारखान्यांतील माणसें त्यांना सरळ कार्ड म्हणतात. एक भाग वीज पुरवितो, एक विचार करतो. हे दोन नसतील तर कांहींच नाहीं. बाकीचीं कार्डें म्हणजे त्याचीं ज्ञानेंद्रियें आणि कर्मेंद्रियें. कोणतें कार्ड मोटर फिरते कीं नाहीं हें सांगतें, कोणतें ओलावा व उष्णता मोजतें, कोणतें मोटरला चालू हो किंवा थांब अशी आज्ञा देतें. ज्याला जेवढें हवें त्यानें तेवढीं कार्डें बसवावीं. चोवीस यंत्रांच्या कारखान्याला छत्तीस यंत्रांचा खर्च नको, आणि पुढें पैसा आला तर बारा वाढवितां यावींत, हा ह्या रचनेचा मोठा गुण.

परंतु ह्या गुणाबरोबर हजेरीपट आला. नियंत्रकाच्या स्मृतींत एक यादी भरून ठेवावी लागते: पहिल्या खांचेंत अमुक कार्ड, दुसऱ्या खांचेंत तमुक, दूरच्या पॅनेलमध्यें आणखी हीं चार. वीज चालू होतांच नियंत्रक ही हजेरी घेतो. नुसतें हजर म्हणून चालत नाहीं. प्रत्येकाला आपलें नांव-गांव सांगावें लागतें, कारण एकाच्या जागीं दुसऱ्यानेंच हजर म्हणण्याची खोड शाळेपुरतीच आहे असें नाहीं. पट आणि वर्ग जुळले तर काम सुरू होतें. जुळले नाहींत तर काय करावें, हें नियंत्रकाला आधींच सांगून ठेवावें लागतें. हा भाग अवश्य असें लिहिलें असेल तर तो गैरहजर असतां नियंत्रक काम सुरूच करीत नाहीं, आणि काम चालू असतां तो नाहींसा झाला तर कारखाना थांबवितो. ऐच्छिक असें लिहिलें असेल तर त्याच्या नांवापुढें खूण करतो आणि पुढें जातो. सारें काम एका शब्दाचें. पण तो शब्द लिहावयाचा कसा?

सोपें उत्तर असें दिलें जातें कीं, ज्यावांचून कारखाना चालत नाहीं तें अवश्य आणि ज्यावांचून चालतो तें ऐच्छिक. व्यवहारांत बहुतेक याद्या ह्याच बुद्धीनें लिहिल्या जातात, आणि खरी चूक येथेंच आहे. ज्यावांचून यंत्र चालतच नाहीं तें अवश्य लिहिलें काय आणि न लिहिलें काय, सारखेंच. पट्टा तुटला तर तो स्वतःच काम थांबवील. यादीचा उपयोग आहे तो ज्यांच्यावांचून यंत्र खुशाल चालूं शकतें अशा भागांपुरता. ठिणगी ओळखणाऱ्या डोळ्यावांचून रुई वाहते. यंत्राचें झांकण उघडलें आहे हें सांगणाऱ्या स्विचावांचून रोलर फिरतो, उलट अधिकच सुखानें फिरतो. म्हणून प्रश्न असा विचारावयास हवा कीं, हा भाग नसतां यंत्र चाललें तर त्या चालण्याची किंमत कोण देणार?

ठिणगीचीच गोष्ट घ्यावी. कापसांत आलेला एखादा खडा किंवा खिळा सांपळ्यांतून निसटला आणि पंख्याच्या पात्यावर आपटला कीं ठिणगी उडते. रुई वाहणाऱ्या नळींत ह्यासाठीं उष्णतेचे किरण ओळखणारा एक डोळा बसवितात. ठिणगी दिसतांच तो पुढची झडप फिरवितो आणि तेवढी रुई बाहेर अंगणांत फेंकून दिली जाते. समजा, पौष महिन्याच्या रात्रीं ह्या डोळ्याचें कार्ड बंद पडलें. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली आहे. गाडीवान शेकोट्या करून बसले आहेत. सकाळीं भाव उतरेल कीं काय ही धास्ती प्रत्येकाला आहे. दुसरें कार्ड नागपुराहून यावयास उद्यांची दुपार. अशा वेळीं पॅनेलपुढें उभा असलेला मनुष्य फोनवरून विचारीत विचारीत त्या एका कार्डापुढचा अवश्य हा शब्द काढून ऐच्छिक असा करतो. तांबडा दिवा विझतो, कारखाना धडधडूं लागतो, आणि सर्वजण त्याची पाठ थोपटतात. त्या रात्रीं बहुधा कांहींच होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं नवें कार्ड येतें, बसविलें जातें. पण यादींतला शब्द परत बदलावयाचा राहून जातो. आतां तें कार्ड पुन्हां केव्हांहि बंद पडलें तरी कारखाना थांबणार नाहीं, आणि ही गोष्ट कोणाच्याहि ध्यानांत नाहीं. प्रेसमध्यें दाबली गेलेली ठिणगी लगेच पेटत नसते. ती गांठीच्या पोटांत दिवसचे दिवस धुमसत राहते, आणि गोदामांतील गांठींच्या थप्पीला आग लागते तेव्हां त्या पौषांतल्या रात्रीशीं तिचा संबंध जोडणारा कोणी तेथें नसतो.

त्या मनुष्याला केवळ दोष देऊन मात्र भागणार नाहीं. पुष्कळदां यंत्र पुरविणाऱ्यानेंच सरसकट सर्व भाग अवश्य म्हणून लिहिलेले असतात, कारण त्यांत त्याला विचार करावा लागत नाहीं. मग कचेरींतील गांठमोजणीच्या आंकड्याचें कार्ड रुसलें तरी सबंध कारखाना थांबतो. आठवड्यांत तीनदां असें फुकट थांबावें लागलें म्हणजे माणसांचा तांबड्या दिव्यावरचा विश्वास उडतो, आणि मग खऱ्या धोक्याच्या वेळींहि तोच उपाय योजला जातो. लांडगा आला रे ही गोष्ट लहानपणीं सर्वांनींच ऐकलेली असते. जास्त कडक यादी ही अशा रीतीनें ढिल्या यादीची आईच ठरते.

आणखी एक अडचण अशी कीं, कांहीं भाग ह्या दोन्ही रकान्यांत बसत नाहींत. चोवीस रोलर यंत्रांपैकीं कोणतेंहि एक बंद असलें तरी काम चालावें. एवढ्यापुरतें प्रत्येक यंत्र ऐच्छिक. पण चोविसांपैकीं अठरा बंद असतां सफाई यंत्र आणि पंखे पूर्ण वेगानें चालविण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां एकेकटें ऐच्छिक आणि समुदायानें अवश्य, अशी ही स्थिति. येथें निदान इतकीं हजर पाहिजेत असा आंकडा लिहावा लागतो. ओलाव्याचें यंत्र निराळ्याच जातीचें. कापूस रेचतांना त्यांत सहा ते आठ टक्के ओलावा असावा असें मानतात. अधिक ओला असेल तर तो रोलरांत गुंततो. अगदीं कोरडा असेल तर तंतु तुटतात. कार्तिकांत पहांटेच्या दंवानें भिजलेला कापूस येतो तेव्हां ओलावा देणारें यंत्र नसलें तरी कांहीं अडत नाहीं. फाल्गुन उजाडला आणि अकोल्याचें ऊन तापूं लागलें कीं त्याच्यावांचून रुईची प्रत घसरते. शिवाय ओलावा मोजणारें कार्ड नसेल तर ओलावा देणारें यंत्र बंदच राहिलें पाहिजे. नाहीं तर आंधळ्यानें पाणी शिंपडल्यासारखें होऊन भिजलेली रुई गांठींत सडावयाची.

आपल्याकडील मीमांसकांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे जे भेद केले, ते येथें आठवल्यावांचून राहत नाहींत. ओलाव्याचें यंत्र हें सरळच नैमित्तिक: निमित्त उत्पन्न झालें तर अवश्य, एरव्हीं नाहीं. मूळ द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागीं काय घ्यावें, ह्या प्रतिनिधीचाहि त्यांनीं बारकाईनें विचार केला आहे. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक घ्यावें. पण वाटेल तें गवत घेऊन चालत नाहीं. नियंत्रकांतहि हा प्रतिनिधीचा प्रश्न फार नाजूक आहे. उष्णता मोजणारें कार्ड नाहींसें झालें तर नियंत्रकानें कोणता आंकडा खरा धरावा? पुष्कळ ठिकाणीं शेवटचा आंकडाच पुढें चालू ठेवण्याची सोय असते, आणि कामांत खंड पडूं नये म्हणून ती निवडलीहि जाते. मग मोटरचें बेअरिंग लालबुंद झालें तरी पडद्यावर चाळीस अंश हाच आंकडा शांतपणें उभा असतो. मेलेल्या माणसाची हजेरी मांडण्यासारखाच हा प्रकार. त्याच्या अगदीं उलट शहाणपण तांबड्या बटणाच्या तारेंत आहे. धोक्याच्या वेळीं दाबावयाच्या त्या बटणांतून वीज एरव्हीं सारखी वाहत असते, आणि बटण दाबलें कीं ती तुटते. त्यामुळें उंदरानें तार कुरतडली तरीहि यंत्र थांबतें. गैरहजेरीचा अर्थ संकट असा तेथें आधींच ठरवून टाकलेला आहे.

कायद्यानें हा विचार फार पूर्वीं केला होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९२५ सालच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें नव्या कारखान्यांना कापूस आंत येण्याचें आणि रुई बाहेर जाण्याचें दार निरनिराळें ठेवावयास सांगितलें होतें, आणि प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण व क्रमांक घालणें भाग पाडलें होतें. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २७ व्या कलमाची रचना तर आजच्या यादीसारखीच होती. प्रेसिंग कारखान्याच्या ज्या भागांत कॉटन ओपनर चालूं असेल तेथें स्त्रिया व मुलें कामाला नसावींत, हा नियम. परंतु ओपनरचें कापूस घालण्याचें तोंड आणि कापूस बाहेर पडण्याचें तोंड यांच्या मध्यें छपरापर्यंत, किंवा इन्स्पेक्टर ठरवील तितक्या उंचीपर्यंत, भिंत असेल तर घालण्याच्या बाजूस त्यांना काम देतां येई. ओपनर भिंतीवांचूनहि तितकाच चालत असे. उत्पादनाच्या दृष्टीनें भिंत ऐच्छिक होती. बायांच्या दृष्टीनें ती अवश्य होती. कायद्यानें कोणाची दृष्टि धरली तें स्पष्ट आहे.

२००० सालीं केंद्र सरकारनें कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलें, आणि त्याच्या चौथ्या भागांत जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या सुधारणेला मदत दिली. तेव्हांपासून वऱ्हाडांतील कितीतरी अंगणें फरसबंद झालीं, डोक्यावरून कापूस वाहणें थांबलें आणि सफाई यंत्रें, फीडर व नवे प्रेस आले. ह्या सुधारणेचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. मात्र यंत्र विकत घेणें निराळें आणि तें नियंत्रकाच्या यादींत योग्य रकान्यांत असणें निराळें. पाहणी करणारास यंत्र जागेवर दिसतें. रकाना दिसत नाहीं. त्या यादीची खरी प्रत बहुधा यंत्र पुरविणाऱ्याच्या लॅपटॉपमध्यें असते, कारखान्यांत असते ती दोन हंगामांपूर्वींची, आणि मध्यंतरीं काय बदललें हें फक्त एका फिटरला तोंडपाठ असतें. तो फिटर दुसऱ्या गांवीं गेला कीं पाठांतरहि गेलें.

ज्या कारखान्यांत हें काम नीट होतें तेथें त्याची रीत अगदीं साधी असते. पॅनेलच्या दाराला आंतून एक मराठींत लिहिलेला कागद चिकटविलेला असतो. त्यावर प्रत्येक कार्डाचें नांव, तें अवश्य कीं ऐच्छिक कीं हंगामापुरतें, तें नसतां कोणता आंकडा धरावयाचा, आणि शेवटचा बदल कोणी, कोणत्या तारखेस, कोणत्या कारणानें केला, एवढें लिहिलेलें असतें. अवश्य हा शब्द बदलण्याची किल्ली एकट्या माणसापाशीं नसते. दोघांनीं मिळून तो बदलावयाचा, आणि बदल केल्यापासून ठरलेल्या तासांनंतर तो आपोआप मूळपदावर यावयाचा. पौषांतली रात्र तेथेंहि येते, पण ती सकाळीं संपते.

खंडेनवमीच्या दिवशीं ह्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. आदल्या आठवड्यांत सारें धुवून पुसून, तेल घालून, रोलरांच्या चामड्याला नवी धार काढून ठेवलेलें असतें. झेंडूचीं तोरणें लागतात, नारळ फुटतो. गाड्या यावयास अजून थोडे दिवस असतात. त्याच मोकळ्या दिवसांत रिकामी माळ चालू करून एक एक कार्ड हातानें उपसून पाहावयाचें: ठिणगीचें कार्ड काढलें, माळ थांबली कीं नाहीं, गांठमोजणीचें काढलें, माळ चालू राहिली कीं नाहीं, झांकणाच्या स्विचाची तार सोडली, रोलर किती सेकंदांनीं स्थिर झाला. ज्या कार्डाच्या बाबतींत कागदावर लिहिल्याहून निराळें घडेल, त्याच्यापुढें खडूनें फुली मारावयाची, आणि ती फुली पुसल्याशिवाय फाटक उघडावयाचें नाहीं. ह्या सर्व खटाटोपाला फार तर अर्धा दिवस लागतो.